रुमालाखालचा भाव

आयुष्यात मी सौद्यात एकाच माणसाकडून हरलो आहे, आणि तो माणूस नेमका माझा व्याही निघावा, हे मला आजही झोंबतं. बैलबाजारात दुसऱ्यांची जनावरं हाकत सुरुवात करून हिंगोलीच्या मोंढ्यात स्वतःची हळदीची अडत उभी केलेला माणूस आहे मी. माझ्यासमोरून भले भले व्यापारी घाम पुसत उठून गेले आहेत. पण कुरुंद्याच्या या बस-कंडक्टरनं नऊ वर्षांपूर्वी पोरीच्या सोयरिकीच्या बैठकीत मला असं चीत केलं की माझ्या मेहुण्यांनी त्यावर अजून हसणं सोडलेलं नाही. मी घरून निघतानाच मनात तयारी करून गेलो होतो. ते अमुक मागतील, मी तमुक म्हणीन, ते रुसतील, मी चप्पल घालायला उठीन, मधली मंडळी मला धरून बसवतील. तर या गृहस्थानं सुपारी कातरता कातरता शांतपणे सांगितलं, "हुंडा नको, मानपान नको, आहेर नको. आपली एकच अट हाय. पोरीच्या बापानं पुस्तक वाचायचं."

"कोणतं पुस्तक?" मी विचारलं, तर त्यांच्याकडच्या साऱ्या बैठकीनं कपाळाला हात लावला. कारण त्या घरात 'पुस्तक' एकच होतं. बाकीच्या छापील गोष्टींना ते 'वाचायचं सामान' म्हणत. पुस्तक म्हणजे तीन खंडांची एक अद्भुत कादंबरी. एकेक खंड गुळाच्या ढेपेएवढा. मी सातवी नापास माणूस. मी म्हटलं, "एक खंड वाचतो." ते म्हणाले, "तीन." मी म्हटलं, "दीड वाचतो, उरलेलं तुमी तोंडी सांगा." ते म्हणाले, "तीन. आन् मधून मधून इचारीन." मी चप्पल घालायला उठलो. मला धरायला कुणीच आलं नाही. शेवटी बायकोच कुजबुजली, "अहो, पोरीचं लगीन हाय, बैलजोडी न्हाई." झालं. बोली जिथं सुरू झाली तिथंच तुटली, म्हणजे आमच्या भाषेत पक्की झाली. मोंढ्यात असं झालं असतं तर मी आठवडाभर तोंड दाखवलं नसतं.

नोकरीत असताना या माणसानं अख्ख्या वसमत-हिंगोली रस्त्याला ते पुस्तक लावलं होतं. तिकीट फाडून देताना विचारायचे, "वाचलं का?" वाचलं म्हणणाऱ्याला खिडकीची जागा, न वाचलेल्याला टायरवरची. औंढ्याचा फाटा आला की "औंढा, औंढा" असं साऱ्या कंडक्टरांसारखं न ओरडता पुस्तकातलं नाव घेत "चला, पाताळवेस आली, पाताळवेसवाले उतरा" म्हणायचे. एकदा एक नवीन तलाठी त्यामुळे थेट हिंगोलीला पोचला आणि तक्रार करायला डेपोच्या साहेबांकडे गेला, तर साहेबांनी त्यालाच सुनावलं, "पहिला खंड तरी वाचायचा राव." साहेबही बाटलेले होते. घरात पुस्तकाच्या तीन प्रती. एक वाचायची, एक उसनी द्यायची आणि एक लाल फडक्यात बांधून देवाच्या खालच्या फळीवर ठेवलेली. उसनी प्रत परत आली की ती दोन दिवस उन्हात ठेवत, ढेकणाच्या भीतीनं नव्हे, "लोकाच्या नजरा निघून जायला" म्हणून. गाईला झालेल्या पांढऱ्या गोऱ्ह्याचं नाव पुस्तकातल्या बैलाचं, माझ्या नातीचं नाव पुस्तकातल्या नदीचं. गोऱ्हा आधी जन्मला म्हणून वाचलो, नाहीतर उलटही झालं असतं.

करार झाला होता, तेव्हा मी वाचायला घेतलं. दात-ओठ खात घेतलं. गोष्ट अशी की एका मुलखातली नदी पाताळाचा राजा चोरून नेतो. कुणी सेनापती, कुणी जादूगार ती परत आणू शकत नाही. शेवटी मिठाच्या गोण्या लादलेल्या बैलांचा तांडा हाकणारा एक साधा नाईक, बैलांना गाणी म्हणून चालवणारा, आपला एक लंगडा पांढरा बैल घेऊन खाली उतरतो आणि राजाशी नदीचा सौदा करतो. आणि तो सौदा होतो काळ्या घोंगडीखाली! मी वाचता वाचता ताडकन उठून बसलो. ही तर आमच्या बैलबाजाराची रीत. घेणारा आणि देणारा रुमालाखाली एकमेकांचा हात धरतात, बोटं दाबून भाव सांगतात, भोवती शंभर माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. त्या पुस्तकात सलग पाच पानं दोघं एक शब्द बोलत नाहीत. नुसती बोटं. एक बोट दाबलं, सोडलं, परत धरलं. लिहिणाऱ्यानं नक्की कुठल्या तरी बाजारात उकिडवं बसून पाहिलं असणार. मग नाईक उठतो, घोंगडी झटकतो, घरी चालू लागतो आणि त्याच्या मागून नदी येते. नाईकानं बदल्यात काय दिलं ते लिहिणारा सांगतच नाही. अख्खा तिसरा खंड संपतो, तरी सांगत नाही.

त्यावरून आमचं भांडण लागलं ते आठ वर्षं पुरलं. दर बाजाराच्या दिवशी मी हळद बघायला कुरुंद्याला जायचो, काम उरकून व्याह्यांच्या ओट्यावर टेकायचो. ते एक प्रकरण मोठ्यानं वाचायचे आणि मग आम्ही भांडायचो. माझं म्हणणं, नाईकानं आपलं नाव दिलं. कारण परत आल्यावर पुस्तकात त्याला कुणीच नावानं हाक मारत नाही. त्यांचं म्हणणं, "गाणं दिलं, इवाई. तिसऱ्या खंडात तो एकदा तरी गातो का? दाखवा." सुनेनं, म्हणजे माझ्याच पोरीनं, दोनदा चहा करावा इतकं भांडण. गेल्या वर्षभरात मात्र वाचताना ते पान उलटायचं विसरू लागले. एकच पान धरून चार पानांचा मजकूर म्हणायचे. मी म्हटलं, पाठ आहे म्हणून मिजास करतात. तसं तोंडावर बोललोही.

आणि अशात त्या पुस्तकावर सिनेमा निघाला. व्याह्यांनी सिनेमावाल्यांना सूचना लिहून पाठवल्या. नातीला शेजारी बसवून ते सांगायचे आणि ती लिहायची. बैल मागच्या डाव्या पायानं लंगडतो, उजव्या नाही. घोंगडी काळीच. नाईक कधी पळत नाही. उत्तर आलं नाही. तरी हिंगोलीत पहिल्याच दिवशी पहिला खेळ गाठायचा म्हणून त्यांच्या उसन्या प्रतीवर वाढलेली वीसेक मंडळी जमली. डेपोचे ते साहेब, आता निवृत्त, होते, दोन मास्तर होते, औंढ्याची एक कॉलेजातली पोरगी होती. तिनं म्हणे पुस्तक एकोणीस वेळा वाचलं होतं. तिकिटं मी काढली होती, मधली चांगली. हे गृहस्थ अडून बसले, "मला एकदम म्होरची रांग." मी चिडलो. पुढं बसलं की मान मोडते. पण ऐकेनात. शेवटी पडद्याच्या बुडाशी, मुंग्यांसारखे, आम्ही दोघे शेजारी शेजारी बसलो.

काय सांगू! पहिल्या पाच मिनिटांत बैल गायब. नाईक पांढऱ्या घोड्यावर! मिठाच्या गोण्यांच्या जागी तलवारी. जो माणूस पुस्तकभर पायी चालतो, तो उडत्या राक्षसांच्या पाठीवरून उड्या मारत होता. मागून ती औंढ्याची पोरगी ओरडली, "काका, बैल कुठं गेला?" साहेब म्हणाले, "खर्चात बसला नसंल, लेकरा." मी तरी दातावर दात धरून बसलो होतो. म्हटलं, घोंगडीचं प्रकरण येऊ दे. ते आलं. राजा सिंहासनावर, नाईक समोर, मध्ये घोंगडी. आणि त्या नटानं घोंगडी भिरकावून दिली, छाती पुढं काढली आणि गर्जना केली, "माझा प्राण घे, पण माझी नदी दे!" लोकांनी शिट्ट्या मारल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उभा राहिलो आणि भर थेटरात ओरडलो, "अरे गाढवा, पहिल्याच बोलीला कुणी प्राण देतं का! मग पुढं काय वाढवशील?" मागचे म्हणाले, "खाली बसा, शेठ." मी म्हटलं, "तुमी बसा. तुमाला घेणं-देणं कळतं का?" जे आठ वर्षं आम्ही मुठीत झाकून ठेवलं होतं, ते या माणसानं हातगाडीवरच्या भाजीसारखं ओरडून विकलं होतं.

बाहेर आलो तेव्हा मंडळी पेटलेली होती. एक मास्तर म्हणत होते, आपण सगळ्यांनी मिळून निषेधाचं पत्र लिहू. औंढ्याच्या पोरीच्या डोळ्यांत रागानं पाणी होतं. सगळे व्याह्यांकडे पाहत होते. त्यांनी एक शब्द बोलायचा आणि आम्ही तुटून पडायचं. व्याह्यांनी रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "मला तर आवडला पिच्चर."

मला आधी वाटलं, टोमणा आहे. म्हटलं, "काय आवडलं?"

"समदंच. नदी येती ते तर लईच."

"आन् घोंगडी? ती फेकली ते?"

"असू द्या हो. पोटाला करून राहिलेत बिचारे."

माझा तोल गेला. ज्या माणसानं मला चपला घालून उठू दिलं पण अर्धा खंड सोडला नाही, तो या सिनेमावाल्यांना सारंच सोडून मोकळा झाला होता. चहाच्या गाड्याजवळ, वीस माणसांसमोर मी त्यांना म्हणालो, "तुमी ढोंगी हात, इवाई. मला राबवलं तीन खंड आन् यांना फुकटात दिलं पुस्तक. आजपासून तुमचं माझं पुस्तकाचं नातं तुटलं. तुमच्या ओट्याची पायरी चढणार न्हाई मी." त्यांनी औंढ्याच्या पोरीचा हात धरून रस्ता ओलांडला आणि ते बसमध्ये बसले. मी मनात म्हटलं, बघा, माझ्याकडं वळूनही पाहिलं नाही.

दोन महिने मी कुरुंद्याला गेलो, हळद पाहिली आणि त्यांच्या गल्लीत न शिरता परतलो. एके दिवशी पोरीचा फोन आला. बापावर गेलेली पोर; सासऱ्याला ती मामा म्हणते. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "आबा, तुमी कुणाशी भांडून राहिले? मामांना दिसत न्हाई." मी म्हटलं, "काय दिसत न्हाई?" "काहीच न्हाई, नीट. नांदेडच्या डॉक्टरनं वरसापूर्वीच सांगितलं, डोळ्याचा मागचा पडदा गेला, इलाज न्हाई. मोठं मोठं तेवढं दिसतं, धुकं असल्यावाणी. अक्षर दिसत न्हाई. तुमाला सांगू दिलं न्हाई त्यांनी."

"काहून?"

"म्हणाले, त्याला कळलं तर तो भांडणार न्हाई माझ्याशी. कीव करत बसंल."

मी फोन ठेवला. पहिला राग त्यांचाच आला, खोटं कशाला सांगू. वर्षभर मला फसवलं! मग ते न उलटलेलं पान आठवलं. नातीकडून लिहून घेतलेल्या सूचना आठवल्या. पुढची रांग आठवली. आणि औंढ्याच्या पोरीचा हात धरून ओलांडलेला रस्ता.

पुढच्या बाजाराला मी ओट्यापुढं जाऊन उभा राहिलो. व्याही खांबाला टेकून बसले होते, मांडीवर पहिला खंड, बंद. माझ्या चपलांच्या आवाजावरूनच म्हणाले, "या, इवाई. पायरी चढणार नव्हते ना?"

"पायरीखालीच उभा हाय. आधी सांगा, पिच्चर का आवडला?"

त्यांनी मांडीवरच्या पुस्तकावरून हात फिरवला. "वाईटच हाय तो. घोंगडी फेकली तवा मलाबी हाणावं वाटलं त्याला. पण वरसभर पुस्तकातलं काहीच दिसलं नव्हतं, इवाई. नुसतं पाठ म्हणत होतो. तिथं पडदाभर निळं निळं पाणी आलं. आन् समदा वेळ नाईकासंगं ते पांढरं चाललं होतं ना, आपला बैल."

"घोडा होता तो!" मी ओरडलो. सवयीनं.

"असंल," ते म्हणाले. "मला बैल दिसला."

मी पायरी चढलो आणि त्यांच्याजवळ बसलो. भाव पाडायचे शब्द माझ्याकडे पोत्यानं आहेत, पण ते तिथं कामाचे नव्हते. मी मांडीवरचं पुस्तक उचललं आणि इतकंच म्हणालो, "मी वाचीन. दर बाजाराला. किती पानं, बोला." त्यांना हसू आलं. खांद्यावरचा रुमाल त्यांनी काढला, चाचपडत माझा हात शोधला, वरून रुमाल टाकला आणि माझी बोटं धरली. समोरच्या दुकानातली माणसं उभी राहून बघू लागली. त्यांना वाटलं, म्हातारे गोठ्यातल्या पांढऱ्या बैलाचा सौदा करून राहिले. त्यांनी दाबलं. मी मान हलवली, मी दाबलं. त्यांनी सोडलं, परत धरलं. बराच वेळ चाललं. त्यांच्या तळहाताला तिकिटं फाडून फाडून पडलेला जुना घट्टा मला त्या दिवशी पहिल्यांदा लागला. किती पानांवर तुटलं, कुणी वाढवलं आणि कुणी उतरवलं, ते मी तुम्हाला सांगणार नाही. पोरीनंही विचारून पाहिलं.

आता मी वाचतो. ओळीखाली बोट धरून, अडखळत. मी चुकायच्या आतच ते पुढचा शब्द सांगतात, मग मी चिडतो. सिनेमावाल्यांवरचा राग माझा काही गेलेला नाही. तो नट कधी मोंढ्यात आला तर त्याला सौदा कसा करतात ते दाखवणार आहे. परवा आम्ही त्या घोंगडीच्या प्रकरणाशी पोचलो. ते मलाही पाठ झालेलं, म्हणून मी भराभर सुरुवात केली, तर त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"हळू वाचा, इवाई," ते म्हणाले.

दुसरा कुणी असता तर मी पुस्तक मिटून उठलो असतो. ती पाच पानं वाचायला मी अख्खी दुपार लावली.