कपाटावरचं खोकं

कुत्र्यांच्या कातडीखालची ओळखीची चिप वाचायचं यंत्र माझ्या दवाखान्यात आलं ते नेमकं पितृपक्षात. दवाखाना घराच्याच पुढच्या खोलीत, त्यामुळे सासूबाईंची नजर चुकवणं अशक्य. "सर्वपित्री होऊ दे, फिर खोल ना. नवीन चीज आत्ता नाही सुरू करायची," त्या म्हणाल्या. आडमुठ्या म्हशीला इंजेक्शन देणं परवडलं, पण त्यांच्याशी वाद नको. मी खोकं कपाटावर टाकलं.

त्याच दिवशी जवळच्या सांवेर गावचा एक शेतकरी रस्त्यात सापडलेली कुत्री घेऊन आला. चिखलाने माखलेली, जखमी, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. मागच्या गल्लीतल्या रिटायर्ड मास्तरीणबाईंची कुत्री दोन महिन्यांपासून हरवली होती, ते मला आठवलंही. तिला पुण्यात चिप बसवलेली होती आणि तिचा नंबर माझ्या फायलीत होता. पण ती गुबगुबीत, ही कुठली ती! मी टाके घातले आणि कपाटाकडे बघायचं टाळलं.

दहाव्या दिवशी तो टाके काढायला आला. आता न्हाऊमाखू घातलेल्या कुत्रीच्या गळ्याखाली पांढरा चट्टा दिसला, मास्तरीणबाईंच्या कुत्रीला होता अगदी तसाच. मास्तरीणबाई आदल्या संध्याकाळीच तिचा पट्टा माझ्याकडे ठेवून गेल्या होत्या. घर बंद करून त्या लेकीकडे पुण्याला कायमच्या निघाल्या होत्या, आज दुपारच्या गाडीने. दोन वाजले होते, आणि खात्री नसताना त्यांना थांबवणार तरी कशी?

मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी स्वतः स्टूल ओढून खोकं खाली काढलं. "पितरांचं मी बघते. तू लाव."

बॅटरी ठार. चार्जरची वायर वीतभर, म्हणून कुत्रीसकट टेबलच बोर्डाजवळ ओढलं. यंत्राने आधी भाषा विचारली, मग तारीख, मग टॅगचा प्रकार. ते मुळात गाईम्हशींच्या कानातल्या बिल्ल्यांवर लावलेलं होतं, ते बदललं. सोबत आलेल्या नमुन्याच्या टॅगवर ते छान वाजलं. कुत्रीच्या मानेवर धरलं तर काहीच नाही. पुन्हा धरलं. नाही.

"मैडम जी, हमारी बस निकल जाएगी," शेतकरी म्हणाला.

"दो मिनट, भिया."

यंत्राचा राग येत होता, सासूबाईंचा येत होता, सगळ्यात जास्त माझाच. मग आठवलं, चिप कधीकधी कातडीखालून सरकते. यंत्र खांद्यावरून खाली, अगदी हळूहळू नेलं. कोपराजवळ ते वाजलं. पंधरा आकडे आले. मी फायलीतला नंबर मोठ्याने वाचत गेले आणि एकही आकडा चुकला नाही.

फोन लावला तेव्हा मास्तरीणबाई रिक्षात बसत होत्या. "जाऊ नका, सापडली," एवढंच मला बोलता आलं. त्या रिक्षावाल्याला म्हणाल्या, "भिया, सामान उतारो."

मला रडू आलं. सासूबाई कुत्रीला कुरवाळत होत्या. शेतकऱ्याला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. त्याच्या पोरांनी तिच्या गळ्यात बांधलेला लाल दोरा तो सोडत होता, आणि गाठ सुटत नव्हती.

"उसी दिन मशीन लगा देतीं, मैडम जी," तो खाली बघतच म्हणाला. "तब तक बच्चों ने नाम नहीं रखा था."