खिडकीजवळच्या दोन कड्या

“सख्खी बहीण जिवंत असताना भाऊ लॉजवर उतरला. लोक काय म्हणतील?”

“लोकांना कुठे कळतंय? मी मागच्या दाराने आत जातो,” नासारियो म्हणाला.

“थट्टा नको. काल देवळात तिघींनी विचारलं, भांडलात का म्हणून.”

“मग सांगायचं, आत्ताच सुरू केलंय.”

एल्दाने डाव कढईवर आपटला. मक्याच्या पोळ्यांच्या थरात मुशी मासळी भरली होती, त्याच्या आवडीची. तरी तो दारातच उभा, काखेत आपली झोपायची दोऱ्यांची झोळी गुंडाळून. ती लॉजवर टाकून येण्याइतका त्याचा तिथल्या कुणावर विश्वास नव्हता.

कोळंबीच्या बोटीवर चौतीस वर्षं आचारीपण करून नासारियो तीन दिवसांपूर्वी कायमचा आपल्या गावी, काम्पेचेला परतला होता, आणि बसमधून उतरून थेट किनाऱ्यावरच्या लॉजवर गेला होता. कारण त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. मागच्या ईस्टरला आला तेव्हा खोलीत नवा पलंग होता आणि खिडकीजवळच्या भिंतींवर, झोळी टांगायच्या कड्यांच्या जागी, गिलाव्याची दोन गोल ठिगळं. बस चुकेल म्हणून तो त्याच संध्याकाळी निघून गेला होता.

त्या कड्या आईने बसवून घेतल्या होत्या, तो सतराव्या वर्षी पहिल्यांदा बोटीवर चढला तेव्हा. गवंड्याला म्हणाली होती, खोल ठोक, पोरगा वाढत्या अंगाचा आहे. घरात सगळ्यांना बजावलं होतं, “घर उद्या कुणाच्याही नावावर होवो, या दोन कड्या नासारियोच्या.” तो समुद्रावर असताना त्यांना कुणी ओला टॉवेलसुद्धा अडकवत नसे.

वीस वीस दिवसांनी धक्क्यावर उतरलं की पायाखालची जमीन हलायची. ती थांबायची फक्त या खिडकीशी, भरदुपारी, झोळीत अंग टाकलं की. एल्दा शेजारी स्टुलावर बसून पायाने झोका द्यायची आणि वीस दिवसांचं गाव सांगायची. कुणाला मुलगा झाला, कोण गेलं, बेकरीवाल्याची मधली कुणाबरोबर पळाली. ती पळून कुठवर पोचली हे त्याला कधीच कळलं नाही. तेवढ्यात डोळा लागायचा. पुढे बोट लांबच्या बंदराला लागायला लागली आणि घरी येणं वर्षा-दीड वर्षावर गेलं. लग्न राहूनच गेलं. कुणी विचारलं, राहतोस कुठे, तर तो सांगायचा, “खिडकीजवळ.”

“पलंग काय आमच्यासाठी घेतला?” त्याला खिडकीच्या खोलीत नेत एल्दा बोलतच होती. “भाच्याने, गास्पारने तुझ्यासाठी एसी बसवला. तुझे गुडघे हे असे. झोळीतून तुला उठवायला काय क्रेन आणू?”

“लॉजवर कड्या आहेत,” तो म्हणाला.

“कसल्या कड्या?”

तो भिंतीवरच्या ठिगळांकडे बघत राहिला. मग तिनेही बघितलं.

“त्या? गंजल्या होत्या रे. पलंगही बसेना.”

“विचारायचंस.”

“कुणाला? तेव्हा चौदा महिन्यांत एक फोन नव्हता तुझा. समुद्राला विचारू?”

स्वयंपाकघरात मुशी करपायला लागली होती, पण एल्दा जागची हलली नाही.

“एकदाच सरळ सांग, नासारियो. इथे राहणार आहेस की नाही?”

त्याने झोळी पलंगावर ठेवली. ठिगळावरून अंगठा फिरवला, जमिनीपासून तिथवरची उंची वितीने मोजली, मग समोरच्या भिंतीवरची मोजली. टोपी घातली आणि बाहेर पडला. एल्दा खिडकीशी धावली. तो किनाऱ्याच्या बाजूला वळला नाही. हाताची वीत तशीच ताणून धरून तो कोपऱ्यावरच्या लोखंडी सामानाच्या दुकानाकडे चालला होता.