मांजर झोपायच्या खोलीत नको

"घर में बिल्ली है?" माझ्या हातावरची नजर न काढता डॉक्टरांनी विचारलं.

हातावर पेनाने आकडे घातले होते आणि प्रत्येक आकड्यापाशी एका थेंबातून सुई हलकेच टोचली होती. याला स्किन प्रिक टेस्ट म्हणतात. शरीराला ज्याचं वावडं, त्या थेंबापाशी डास चावल्यासारखी गांधी उठते. धूळ, परागकण, बुरशी, सगळं शांत होतं. मांजराच्या थेंबापाशी मात्र टपोरी गांधी आली होती.

"एलर्जी है. और दमा भी."

मला पटलं नाही. फुगी, आमचं मांजर, घरात कित्येक वर्षं होती. श्वास लागू लागला तो मीना, माझी पत्नी, गेल्यानंतरच्या हिवाळ्यात. इतकी वर्षं गप्प बसलेलं मांजर आताच कसं बाधेल?

मी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहतो, तिथल्याच टेक्निकल लायब्ररीत काम करतो. म्हणून पहिला संशय जुन्या पुस्तकांवर घेतला, मग धुरावर. भोपाळमध्ये छाती वाजू लागली की कोणीतरी हळूच विचारतंच, गॅसच्या वेळी कुठे होतात? आम्ही त्यानंतर बदलून आलो, तरी तोही संशय घेऊन झाला. स्पायरोमेट्री झाली, म्हणजे नळीत जोरात फुंकायचं आणि हवा किती वेगाने बाहेर पडते ते यंत्राने सांगायचं. बाहेर बाकावर बसलो असताना मला डॉक्टरांचाच संशय आला. निखिल त्यांच्याशी आधी बोलला असावा.

निखिल माझा मुलगा, पुण्याला असतो. मी तिकडे राहायला यावं असं त्याला वाटतं, पण फ्लॅटमध्ये मांजर नको. "बाबा, श्वास महत्त्वाचा की मांजर?" तो फोनवर म्हणाला. मग जरा नरमून, "पाळायचंच असेल तर ॲलर्जी न होणारी जात मिळते. बिनकेसांचीसुद्धा."

फुगी अर्धी पर्शियन, केसाळ. पण मीनाच्या हातचं खाल्लेला माझ्याशिवाय तेवढाच एक जीव या घरात उरला होता.

डॉक्टरांना जातीचं विचारलं. दोष केसांचा नाही, त्यांनी समजावलं. ॲलर्जन, म्हणजे वावडं असलेला पदार्थ, मांजराच्या लाळेत आणि कातडीत तयार होतो. मांजर अंग चाटतं, लाळ सुकते, कण हवेत उडतात. एखाद्या मांजरात तो कमी असेल, पण मुळीच नाही अशी जात नाही. "दुकानदार तो कुछ भी बोलेगा," ते म्हणाले. इनहेलर लिहून देता देता त्यांनी विचारलं, "पहले घर की सफ़ाई कौन देखता था?"

घरी येईपर्यंत तोच प्रश्न डोक्यात होता.

मीनाला फुगी आवडत नाही असं मी धरूनच चाललो होतो. मांजर झोपायच्या खोलीत नको, सोफ्यावर नको. विंचरायचं, पुसायचं तर मागच्या अंगणात. चादरी सारख्या गरम पाण्यात. ती गेल्यावर हे सगळं आपोआप बंद पडलं. फुगी तिच्या उशीवर झोपू लागली आणि मला ते बरं वाटत होतं.

संध्याकाळी शेजारच्या वानखेडे वहिनी भाजी घेऊन आल्या, तेव्हा त्यांना विचारलं.

"अहो भाऊजी, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? मांजर आणलंत त्याच आठवड्यात शिंकून शिंकून बेजार झाला होतात. तुम्ही म्हणालात सर्दी. मीनाने बरोब्बर ओळखलं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगून काय? ती म्हणायची, उद्याच हे फुगीला करोंदच्या मंडीत सोडून येतील आणि मग हिरमुसून पुस्तकात तोंड खुपसून बसतील. त्यापेक्षा मी कटकटी बरी." वहिनी हसल्या. "आणि होतीच हं कटकटी! माझी पोरं फुगीला शिवली की आधी साबणाने हात धुवायला पळवायची."

डॉक्टरांनी मुदत दिली. औषध घ्या, घरातल्या सवयी बदला. श्वास सुधारला नाही, तर मांजर द्यावं लागेल. मी उशी टाकून दिली. ते सोपं नव्हतं. पडदे काढले, दार लावून झोपू लागलो. फुगी बाहेरून दार ओरबाडत राही.

पुढच्या वेळी नळीत फुंकलं, तेव्हा डॉक्टर कागदाकडे बघून म्हणाले, "चलने दीजिए. मगर बेडरूम के बाहर."

सगळ्यांचं असं निभेल असं नाही. दमा जोराचा असेल तर मांजर चांगल्या घरी द्यावं, त्यात निर्दयपणा नाही. इनहेलर माझा अजून चालू आहे. मीनाचे आभार मानायचे राहून गेले, ते मी आता कामातून मानतो.

रोज मी फुगीला पुसायला ओलं फडकं घेऊन अंगणात बसतो. ती येते आणि आपण होऊन आधी उजवा पंजा पुढे करते. हे मी तिला शिकवलेलं नाही.