न चाखलेल्या वाईनसोबत गोळाभात

हॉटेल मॅनेजमेंटच्या दुसऱ्या वर्षी आमच्या वर्गात चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. प्रत्येकाने एक पेय उचलायचं, प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना ते रीतसर वाढायचं, त्याचा वास आणि चव सांगायची आणि त्याच्याशी जुळतील असे तीन पदार्थ स्वतः करून समोर ठेवायचे. तीनपैकी एक तरी आपल्या भागातला हवा. माझ्या शेजारी बसणाऱ्याला चहा आला. मला आली ओक लाकडाच्या पिंपात मुरवलेली पांढरी वाईन.

या परीक्षेवर मोठ्या हॉटेलातलं सहा महिन्यांचं प्रशिक्षण ठरणार होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. प्रशिक्षणाला मी नागपूरला जाणार, काळा कोट घालून वाढणार, हे मी चिठ्ठी निघायच्या आधीच गावभर सांगून बसलो होतो. कोणी विचारलंही नव्हतं.

अडचण आईची होती. म्हणजे आईला दिलेल्या शब्दाची. आम्ही बौद्ध. दर पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणतो आणि पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. आमच्याकडे बुद्धवंदना आई सांगते. गावातलं दारूचं दुकान बायांनी बंद पाडलं तेव्हाही ती पुढेच होती. मी ॲडमिशन घेतली तेव्हा तिने एवढंच म्हटलं होतं, "वाढाची तं वाढ. तोंडाले लावाची नाई."

मी लगेच हो म्हटलं. त्यात काही त्यागबिग नव्हता. वर्गात सरावाच्या बाटल्यांमध्ये पाणी असायचं, पांढऱ्या वाईनच्या बाटलीत साधं आणि लाल वाईनच्या बाटलीत बीट उकळलेलं. वर्षभर आम्ही हाताला पांढरा रुमाल गुंडाळून, अत्यंत गंभीर चेहऱ्याने एकमेकांना पाणी वाढलं. मी तर पाण्याचा ग्लास गोल फिरवून, नाक आत घालून "छान मुरली आहे" असंही म्हणून दाखवायचो.

परीक्षेला मात्र खरी बाटली येणार होती. सर म्हणाले, "चव घेतल्याशिवाय कसं सांगशील? जाणकार लोक घोट तोंडात फिरवतात आणि थुंकतात. पीत नाहीत."

हा मुद्दा मला फारच बिनतोड वाटला. रविवारी गावी गेलो आणि आई भाकरी थापत असताना मांडला.

"आई, चव घ्याची अन् थुकून द्याची. पोटात काहीच जात नाही."

"थुकाची?"

"हो."

"अन् हे शिकाले तू यवतमाळले गेला? तुया बापाले तंबाखूचा खर्रा खाऊन हे घरबसल्या जमते."

बाबा ओट्यावर बसले होते. त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

"परीक्षा आहे आई. नापास होईन."

तिने भाकरी तव्यावर टाकली. "शब्द तू मले देल्ला. मोडाचा का नाई ते तूच पाय. मले कायले ईचारून राह्यला?"

ती रागावली असती तर सोपं गेलं असतं. रागावणाऱ्या माणसाशी मला वाद घालता येतो, मनातल्या मनात का होईना.

मग मी ठरवलं की चव घ्यायचीच नाही, नुसत्या वासावर अभ्यास करायचा. पुस्तकात लिहिलं होतं की अशा वाईनला लोण्याचा, व्हॅनिलाचा, भाजलेल्या सुक्यामेव्याचा आणि अर्थातच लाकडाचा वास असतो. लोणी घरी होतं. व्हॅनिला आइस्क्रीममुळे माहीत होतं. राहिलं लाकूड. आमच्या गावाजवळ दारव्ह्याला लाकूड कापायची एक आरा मशीन आहे, तिथे गेलो.

"काका, ओक आहे का?"

मशीनवाल्या काकांनी कानातला कापूस काढला. "कोण?"

"ओक. लाकूड."

"इथं साग हाय, बाभूळ हाय, निंब हाय. कायले पायजे? दरवाजा कराचा हाय?"

"नाही, वास घ्यायचा आहे."

काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कोणाचा हायस रे तू?"

मी वडिलांचं नाव सांगितलं नाही. सागाचा मूठभर भुसा आणि दोन ढलप्या कागदात बांधून निघालो. पिंप आतून आगीवर शेकतात असं वाचलं होतं, म्हणून घरी त्या ढलप्या तव्यावर भाजल्या आणि डोळे मिटून हुंगल्या. वहीत लिहिलं: 'तेल, कातडं, थोडा धूर.' खाली दोनदा रेघ मारली. साग आणि ओक यांचा वास वेगळा असेल, ही शंका मला आली नाही. लाकूड ते लाकूड.

मग पदार्थ. पुस्तकाप्रमाणे या वाईनला लोण्यातला लॉबस्टर, क्रीममधलं चिकन, भाजलेला भोपळा, अळिंबी घातलेला मऊ भात असं सौम्य आणि स्निग्ध खाणं मानवतं. फार तिखट आणि आंबट नको. लॉबस्टर मी फक्त चित्रात पाहिला होता. भातावर मात्र माझे डोळे चमकले. मऊ भात, वरून स्निग्ध काहीतरी! आमचा गोळाभात आणखी काय असतो? डाळीच्या भरड्याचे गोळे भातात वाफवायचे आणि वरून फोडणी घालायची. फक्त तेलाच्या जागी लोणी घालायचं. हा शोध मला इतका आवडला की बाकी दोन पदार्थ मी विचार न करता लिहून टाकले: लोण्यात परतलेलं कोहळं, म्हणजे आमच्याकडचा लाल भोपळा, आणि भाजलेलं मक्याचं कणीस. कणीस तर केवळ तीन भरायला.

तिखटाचा सल्ला मी कसोशीने पाळला. घरी गोळ्यांत चार चमचे पडतं, मी दोनच घातलं. आदल्या रविवारी करून पाहिलं तेव्हा आई म्हणाली, "कोणी बिमार हाय काय?" मला वाटलं, झालं, सौम्य जमलं.

परीक्षक पुण्याकडचे होते, मृदू बोलणारे. बाटली मी फ्रीजमधून काढून वीस मिनिटं बाहेर ठेवली होती, कारण फार गार असली की तिचा वास दबतो. रुमाल, बूच, ओतणं, सगळं वर्षभराच्या पाण्याने पक्कं करून ठेवलं होतं. एक थेंब सांडला नाही. मग मी नाक ग्लासापाशी नेलं आणि पाठ केलेलं वाक्य सुरू केलं, "तेल, कातडं..." आणि थांबलो. तसा वास तिथे नव्हताच.

"काय वास येतो?" त्यांनी विचारलं.

"सर, दूध तापवताना खाली लागतं ना... तशी साय. आणि भाजलेलं खोबरं."

"बरं. आणि चव?"

पुस्तकातली चव मला तोंडपाठ होती. सांगितली असती तर कोणाला कळणार होतं? पण मी म्हटलं, "चव मला माहीत नाही सर. मी घेत नाही. घरी शब्द दिला आहे."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग गोळाभाताचा घास घेतला. पुढचं सांगायला लाज वाटते. ते लालबुंद झाले. सावरायला म्हणून त्यांनी वाईनचा मोठा घोट घेतला आणि चेहरा आणखीच वाकडा झाला. नंतर कळलं, तिखटावर ही वाईन आणखी जाळते आणि पिंपाच्या लाकडाचा तेवढा कडवटपणा जिभेवर राहतो.

"हे सौम्य आहे?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"आमच्याकडे आजारी माणसाला देतात, सर."

मी कणीस पुढे केलं, पाणी द्यायच्या ऐवजी. घाबरल्यावर हाताला जे लागलं ते. त्यांनी दाणे खाल्ले, घोट घेतला, जरा थांबले आणि परत दाणे खाल्ले. कोहळंही संपवलं. "हे दोन्ही उत्तम जुळलंय," ते म्हणाले. "कसं सुचलं?"

इथेही मी खरं बोलायला हवं होतं. पण "विचार केला, सर" असं म्हणालो.

चवीचे सगळे गुण गेले, गोळाभाताचेही गेले. काठावर पास झालो. प्रशिक्षण मिळालं, नागपूरलाच, पण वाढायच्या विभागात नाही, स्वयंपाकघरात. चवीबद्दल बोलू न शकणाऱ्याला पाहुण्यांसमोर उभं करता येत नाही, असं आमचे सर म्हणाले. ते मला पटलं आणि वाईटही वाटलं. काळ्या कोटाऐवजी ॲप्रन.

घरी गेलो तेव्हा आई दारातच होती.

"पास झाला?"

"झालो. पण कोट नाही, स्वयंपाकघर आहे."

"घेतली का?"

"नाही."

"मंग पास कसा झाला? तोंड उघड."

एकवीस वर्षांचा मी, बॅग खांद्यावर, अंगणात तोंड उघडून उभा राहिलो. तिने शांतपणे हुंगलं, माझ्यापेक्षा कितीतरी सफाईने. मग माझ्या खांद्यावरची बॅग उतरवून आपल्या हातात घेतली.

"वास कसा येते तिचा?" आत जाताजाता तिने हळूच विचारलं.

"खाली लागलेल्या सायीसारखा."

ती थबकली. "एवढ्यासाठी लोकं इतका तमाशा करते? मंग सायच खा ना म्हणा त्यायले."