दाराची लाल कड

समजा, तुम्हाला दाराची कड रंगवायची आहे. दार नव्हे, फक्त कड. दार लावलं की चौकटीत दडून जाणारी ती दोन बोटं रुंद पट्टी. आधी पॉलिश पेपरने घासायची, फडक्याने धूळ पुसायची, ब्रशचं नुसतं टोक रंगात बुडवायचं आणि वरून खाली एका दमात हात ओढायचा. मग दाराखाली पाचर सारायची आणि रंग पुरता वाळेपर्यंत दार लावायचं नाही. आता हेच सगळं आवाज न करता करायचंय. आत पलंगावर एक माणूस झोपलाय, आणि तो जागा झाला तर तुमची धडगत नाही.

तिला आज सगळे कडवाली म्हणतात. लोकांची घरं रंगवते. भिंती चार रंगाऱ्यांसारख्याच. पण ड्रॉवरच्या आत, कपाटाच्या पाठीला, टेबलाच्या खालच्या अंगाला ती जे करते ते बघायला शेजारपाजारचे येतात. ब्रश डाव्या हातात धरते. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी आहेत.

नवऱ्याला घर पांढरं लागायचं. पडदे पांढरे, चादरी पांढऱ्या. रंग म्हणजे थिल्लरपणा, असं त्याचं मत, आणि त्याचं मत घरात हातानेच सांगितलं जाई. हिला रंगाचं वेड. कोपऱ्यावरचा दुकानदार मिसळताना बिघडलेले रंगाचे डबे हिला फुकट देऊन टाकायचा. त्यातला पिवळा तिने ड्रॉवरच्या तळाला लावला. सकाळी रुमाल काढताना तेवढंच हातभर ऊन.

तो ड्रॉवर नवऱ्याला सापडला तेव्हा तो ओरडला नाही. गोड आवाजात म्हणाला, आतली मोजपट्टी दे. तिने हात घातला आणि त्याने लाथ मारून ड्रॉवर लावला. हाडं मोडल्याचा आवाज काडी मोडावी तसा, अगदी साधा असतो, हे तिला तेव्हा कळलं. डॉक्टरांना त्यानेच सांगितलं, बायको वेंधळी आहे. ड्रॉवर आपटला तेव्हा सासू शेजारी बसून भाजी निवडत होती. ती निवडतच राहिली.

कुणीही शहाणी बाई तिथेच थांबली असती. ही थांबली नाही. कपाटाची पाठ निळी झाली, खुर्च्यांच्या पायांचे तळवे हिरवे झाले. मार चालूच होता. कधी पट्ट्याने, कधी हाताला लागेल त्याने. एकदा त्याने झोपायच्या खोलीचं दार तिच्या खांद्यावर इतक्या जोरात आपटलं की आतली मूठच उपसून आली. ती त्याने पुन्हा बसवली नाही.

त्या दिवशी तो रात्रपाळी करून दुपारी झोपला होता. हवा दमट, दार फुगून चौकटीत घट्ट बसणारं. तिने कड लाल रंगवली, पाचर सारली आणि ब्रश धुवायला मागे गेली. परत आली तर दार बंद. पाचर नाही. ओला रंग आता चौकटीला चिकटणार, हे तिला कळत होतं. पण ढकलायला जावं तर तो जागा होईल. तिने हात आवरला.

तीन तासांनी तो उठला. दार आत उघडणारं, आणि आतून ओढायला मूठ नाही. त्याने नखांनी ओरबाडलं, मग बुक्क्या घातल्या. खिडकीला गज होते. मग पलंगाचा लोखंडी पाय सुटल्याचा आवाज आला आणि दाराच्या फळीवर पहिला घाव बसला.

"बाहेरून ढकल," तो म्हणाला. "मी मोजतोय. नाही उघडलंस तर उरलेली बोटंपण ठेवायचो नाही."

एका धक्क्याचं काम होतं. तिने तळहात दारावर टेकलासुद्धा. फळी त्याच्या प्रत्येक घावासरशी तिच्या हाताखाली उडत होती. पाचवा घाव बसला, वाकडी बोटं ठणकली, आणि तिने हात काढून घेतला.

मागे सासू उभी होती. हातात कापडी पिशवी. पिशवी तिने सुनेच्या खांद्याला अडकवली.

"जा आता. लाकूड जुनं आहे, फार वेळ टिकायचं नाही."

"आणि आई, तुम्ही?"

सासूने स्टूल ओढलं आणि ती दारासमोर ते मांडून त्यावर बसली, भाजी निवडायला बसावं तशी.

ती धावली. कोपऱ्यापर्यंत पोचली तोच फळी फुटल्याचं ऐकू आलं, मागोमाग स्टूल पडल्याचं. ती वळली नाही.

पिशवी तिने मैत्रिणीकडे पोचल्यावर उघडली. दोन कपडे, तिची कागदपत्रं, आणि तळाशी पाचर. पाचरीवर अंगठ्याचा लाल ठसा, वाळलेला.

सासू आता लेकीकडे असते, कुबडी घेऊन चालते. कडवाली दोनदा जाऊन आली. दोन्ही वेळा म्हातारीने विचारलं, काम मिळतं का, जेवतेस का, आणि तोंड फिरवलं. पाचर कडवालीच्या हत्यारांच्या डब्यात आहे. प्रत्येक दाराखाली तीच सारते, आणि काढताना दर वेळी तिचा अंगठा त्या ठशावर पडतो. लेकाला लाल कड दिसू नये, सुनेने मार खाऊ नये, एवढ्यासाठीच म्हातारीने दार लोटलं होतं का? की ओला रंग दार धरून ठेवतो, हे तिला ठाऊक होतं?