शेल आमचा, वऱ्हाडीत बोलणारा

तिघं मिळून काही बनवायला बसले की वस्तूच्या आधी किस्सेच तयार होतात! आम्ही शेल बनवला. शेल म्हणजे कॉम्प्युटरवरची ती काळी खिडकी. आपण कमांड लिहायची, तिनं ती पार पाडायची. असे शेल फुकट मिळतात, पाहिजे तेवढे. "मंग आपन कावून बनवून राह्यलो?" मी विचारलं. गजानन म्हणाला, "हॉटेलात भाजी भेटते म्हणून घरी कोनी चूल पेटवत नाई का?"

विषय संपला.

मी आणि गजानन नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळतो. तिसऱ्या वैशालीताई. अकोल्याच्या एका कॉलेजात लॅब घेतात, दर रविवारी बसनं अमरावतीला माझ्या घरी येतात.

पहिल्याच रविवारी फोल्डर बदलायची कमांड चालेना. एरर नाही, काही नाही; पण आपण होतो तिथंच! ताईंनी कोड पाहिला. आमचा शेल प्रत्येक कामासाठी एक पोर-प्रोसेस, म्हणजे हाताखालचा छोटा प्रोग्राम, जन्माला घालायचा. ते पोर फोल्डर बदलायचं आणि तिथंच संपायचं.

"पोट्टं परतवाड्याले गेलं म्हणून बाप परतवाड्याले पोचते का रे?" ताई म्हणाल्या. इतकं सोपं करून मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं.

मग एकदा शेल बंदच होईना. चुकीची कमांड दिली की त्याची आणखी एक प्रत उघडायची आणि ती तशीच बसून राहायची. गजाननची बोटं जाडी. त्या दुपारी त्यानं अकरा चुका केल्या होत्या, म्हणून बारा वेळा 'एक्झिट' लिहावं लागलं!

"हा शेल हाय का पाव्हना?" तो वैतागला. "निंगतो निंगतो म्हन्ते अन् दारातच उभा!"

सगळ्यात वाईट रविवार पुढं होता. गजाननला फालतू फायली पुसायच्या होत्या. कमांडमध्ये एक स्पेस जास्त पडली आणि अख्खा फोल्डर साफ! तीन महिन्यांचं काम. बॅकअप घ्यायचं कोणालाच सुचलं नव्हतं. गजानन खुर्चीत तसाच बसून राहिला, चहासुद्धा घेईना.

ताईंनी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. बसमध्ये तपासायला त्यांनी सगळा कोड छापून, दोऱ्यानं शिवून घेतला होता!

"शेजारच्या सीटवरच्या बाई विचारत होत्या," त्या म्हणाल्या, "कोन्ती पोथी वाचून राह्यल्या वो ताई?"

दोन रविवारांत सगळं परत टाइप केलं. पहिल्यापेक्षा चांगलं झालं, हे मी छातीठोक सांगतो.

कमांड चुकली की आमचा शेल म्हणतो, "नीट लिहा नं बाप्पा!" ताईंनी तो कॉलेजात दाखवला. कडक स्वभावाचे विभागप्रमुख पुढं बसले, पहिलीच कमांड चुकले. स्क्रीनवर ते वाक्य उमटलं. सरांनी चष्मा पुसला आणि मुद्दाम आणखी चार वेळा चुकीचं लिहिलं!

शेल पूर्ण झाला तेव्हा आम्ही पातूरजवळ गजाननच्या घरी गेलो. त्याचे बाबा वांग्याच्या वावरातून हात धुऊन आले, लॅपटॉपसमोर बसले.

"हे करते काय?"

"आपन सांगतलं का हे आयकते, बाबा. जे सांगतलं ते करते."

"एक डाव सांगतल्यावर?"

"हो."

बाबांनी स्क्रीनकडे पाहिलं. मग बराच वेळ गजाननकडे.

"मंग हे तुले कसं काय बनवता आलं?"