आधी पंखा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. आईला तर नाहीच, आणि आता ती राहिली नाही. तुम्हाला का सांगते आहे, ते मलाही नीट कळत नाही. तुम्ही बाबांना ओळखत नाही, म्हणून असेल कदाचित.

आम्ही शारजात, अल मजाजला राहायचो. बाबा इलेक्ट्रिकल इंजिनियर, एका काँट्रॅक्टिंग कंपनीच्या साइट्स बघायचे. मी बारावीत होते तेव्हा त्यांच्या डोक्यात खूळ शिरलं — बॅटरीवर चालणारी मोटारगाडी. एक जुनी छोटी जपानी गाडी आणली, तिचं इंजिन काढलं, फोर्कलिफ्टची मोटर बसवली, आणि मागच्या सीटच्या जागी ट्रकच्या बॅटऱ्यांची रांग लावली. आई म्हणायची, "इथे पाण्यापेक्षा पेट्रोल स्वस्त, आणि ह्यांना वीज हवी."

इंडस्ट्रियल एरियात ओळखीच्या एकांची पत्र्याची शेड होती. उन्हाळ्यात तिथे उभं राहवत नसे, म्हणून सगळं काम हिवाळ्यात, शुक्रवारी सकाळी. पण हिवाळ्यात बॅटऱ्या रुसायच्या. थंडीत त्यांचा जोर कमी होतो, हे मला तेव्हाच कळलं. बाबा त्यांच्याभोवती जुनी रजई गुंडाळत. हीटर लावायचा नाही, तो बॅटरी खातो — म्हणून आम्ही दोघं स्वेटर आणि मफलर घालून गाडीत बसायचो. काचेवर धुकं आलं की मी टॉवेलने पुसायची. रस्त्यावर आणायची परवानगी नव्हती, तरी बाबा रिकाम्या रस्त्यांवरून एखादी फेरी मारत. काही आवाज नाही, फक्त टायर. त्यांचा चेहरा तेव्हा — जाऊ दे.

मला लाज वाटायची. एका शुक्रवारी त्यांनी गाडी थेट रोल्लाच्या बाजारापर्यंत आणली आणि ती तिथेच बंद पडली. माझ्या वर्गातल्या दोन मुली दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या, आणि मी मफलर गुंडाळून गाडी ढकलत होते. "बाबा, धिस इज सो एम्बॅरसिंग," मी म्हणाले. ते म्हणाले, "गार पडली गं ती. ऊन आलं की चालेल."

त्यामुळे मी ते केलं, असं म्हणू का? नाही. ते खोटं होईल. मी रागाने काहीच केलं नाही. मला फक्त थंडी वाजत होती आणि फोनवर बोलायचं होतं.

चार्जिंग करताना बॅटऱ्यांतून गॅस निघतो. ठिणगी पडली तर भडकतो. म्हणून बाबांचा नियम — शटर अर्धं वर, एक्झॉस्ट फॅन चालू. आणि दुसरा नियम — ॲसिड उडालं तर आधी पाणी, बाकी सगळं नंतर. भिंतीपाशी पाण्याचा ड्रम आणि प्लास्टिकचा मग ठेवलेला असायचा. हे दोन्ही मला पाठ होतं.

त्या शुक्रवारी बाबा चहा आणायला गेले. जाताना म्हणाले, "लक्ष ठेव गं, यल्ला, चल, आलोच." वारा बोचत होता. फॅनच्या घरघरीत मैत्रिणीचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मी फॅन बंद केला. शटर खाली ओढलं. मग आत रेंज येईना, तेव्हा शटरमधल्या छोट्या दारातून बाहेर पडले आणि शेडच्या मागे उन्हात जाऊन बसले. फॅन विसरले. खरंच विसरले. बाबा कधी परत आले, तेही मला दिसलं नाही.

मग आवाज झाला.

मी धावत आत गेले. बाबा जमिनीवर, दोन्ही हात तोंडावर. ओरडत नव्हते — "पाणी," एवढंच म्हणत होते. ड्रम माझ्या उजव्या हाताला होता. स्विचबोर्ड डावीकडे.

मी डावीकडे गेले.

आधी पंखा लावला. मग शटर वर ढकललं. मग पाणी.

किती वेळ गेला असेल? मी स्वतःला कितीदा सांगितलं, की फार नाही. पण ॲसिडला किती वेळ लागतो? बाबांचा डोळा त्याआधीच गेला होता की त्या वेळात गेला? हे कुणीच सांगू शकणार नाही, कारण असं काही विचारायचं आहे, हेच कुणाला माहीत नाही.

शेजारच्या गॅरेजमधले लोक धावत आले. त्यांना काय दिसलं? शटर उघडं, फॅन चालू, आणि मुलगी बापाच्या डोळ्यांवर पाणी ओतते आहे. हॉस्पिटलमध्ये शेडवाल्या अंकलनी विचारलं, "फॅन तो ऑन था ना, बेटा?" मी म्हणाले, "यस अंकल, इट वॉज ऑन."

बाबांना त्या क्षणांचं काही आठवत नव्हतं. मग त्यांनी स्वतःच हिशेब लावला — फॅन चालू होता, म्हणजे आपणच चार्जर बंद न करता त्याची बॅटरीवरची क्लिप काढली असणार, तिचीच ठिणगी पडली. सगळ्यांना पटलं. उजवा डोळा गेला. साइटवरचं काम गेलं, ऑफिसात एक टेबल मिळालं. गाडी चालवायला त्यांचा हात धजेना. माझं कॉलेज होईपर्यंत ते तिथे राहिले, मग आम्ही पुण्याला आलो.

आणि आई. तिने त्यांना कधी माफ केलं नाही. पाहुण्यांसमोर, जेवताना, कपातून चहा सांडला तरी — "एक क्लिप नीट काढता आली नाही ह्यांना." मी ताटावर बसलेली असायची. एकदा तर मीसुद्धा म्हणाले, "बाबा, यू वर ऑल्वेज केअरलेस." रात्री ते म्हणाले, "तू बाहेर होतीस, तेवढं माझं नशीब बघ."

वर्षानुवर्षं. आई गेली ती हेच बोलत गेली.

मागच्या हिवाळ्यात बाबांच्या उरलेल्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर तरुण मुलगी होती. ऑपरेशनला आत नेण्याआधी तिने विचारलं, "काका, हा दुसरा कसा गेला?"

"माझीच चूक," बाबा म्हणाले. "चार्जर चालू ठेवून बॅटरीची क्लिप काढली."

"इंजिनियर असून?" ती हसली.

बाबाही हसले. मी कुठे उभी आहे ते त्यांना नीट दिसत नव्हतं, तरी अंदाजाने माझ्याकडे वळले. "हिला विचारा. ही होती तिथे."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हणाले. "त्यांच्याच हातून झालं."

बाबांनी मान डोलावली, आणि नर्स त्यांचा हात धरून त्यांना आत घेऊन गेली.